आम्ही सहा, आम्ही पाच, आम्ही तिघे

पुस्तकावर लेखक म्हणून तीन नावे आहेत : आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा. ‘विथ सायक्लिस्ट्स अराउंड द वर्ल्ड’ हे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३१ साली प्रसिद्ध झाले. त्याला जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना लाभली, आणि २००८ साली रोली बुक्सने त्याचे पुनर्मुद्रण केले. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सायकलींवर निघून पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून १८ मार्च १९२८ रोजी मुंबईत परतलेल्या पारशी तरुणांची ही हकीकत आहे. चार वर्षे आणि पाच महिने, सुमारे ७१,००० किलोमीटर. परंतु मुंबई सोडताना हे तरुण सहा होते. केकी पोचखानवाला, गुस्ताद हाथीराम आणि नरीमन कपाडिया ही उरलेली तीन नावे. सहाही जण बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सभासद, म्हणजे तालमीतली मंडळी. कपाडिया तेहरानहून वैयक्तिक कारणासाठी माघारी फिरले. हाथीराम यांनी अमेरिकेत कायमचे राहण्याचे ठरविले. पोचखानवाला यांचाही प्रवास पुरा झाला नाही.

सहा निघाले आणि तीन परतले, एवढ्यापुरती ही गोष्ट वर्तमानपत्री चौकटीत मावण्यासारखी आहे. मला तिच्यात अडकवून ठेवले ते मधल्या एका आकड्याने. मेसोपोटेमिया, सीरिया आणि सिनाई ही वाळवंटे या मंडळींनी पार केली तेव्हा कपाडिया परत गेले होते. हाथीराम आणि पोचखानवाला मात्र अजून बरोबर होते. म्हणजे वाळवंट ओलांडले पाच जणांनी आणि ते लिहिले तिघांनी.

इंग्रजीतील ‘वुई’ या सर्वनामाला ही तफावत पचविता येते. ते सहांचे असते, पाचांचे असते, तिघांचेही असते, आणि वाक्याच्या बाह्यरूपात कोठेही फरक पडत नाही. आपल्या ‘आम्ही’लाही खरे पाहता संख्येचा पत्ता नसतो. पण मराठी बोलणारा माणूस ‘आम्ही’ वर फार वेळ थांबत नाही. तो लगेच ‘आम्ही दोघे’, ‘आम्ही तिघे’, ‘आम्ही चौघी’ म्हणतो. माणसे मोजण्यासाठी आपल्या भाषेने दोन-तीन-चार या आकड्यांहून वेगळे शब्द घडविले आहेत, आणि ते बाई-पुरुष हाही भेद सांगतात. त्यात भर म्हणजे ‘आपण’. ऐकणाऱ्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारे ‘आपण’ हा भेद इंग्रजीला ठाऊक नाही. एकदा पदवीच्या वर्गात अनुवादाच्या तासाला मी फळ्यावर एक साधे इंग्रजी वाक्य लिहिले. ‘पाणी संपले होते तरी आम्ही पुढे निघालो’ एवढाच त्याचा अर्थ. या प्रवासाची पार्श्वभूमी सांगून मी त्याचा मराठी अनुवाद करायला सांगितला. निम्म्या वर्गाने ‘आम्ही’ लिहिले. काहींनी ‘आम्ही पाचजण’ लिहिले. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, ‘सर, हे वाक्य लिहिताना तिथे तिघेच बसले होते ना? मग पाचजण कोण म्हणतंय?’ त्या तासाला माझ्याकडे उत्तर नव्हते. हा लेख त्या प्रश्नापासून सुरू झाला आहे.

मी मुलुंडला राहतो. आमच्या घराजवळून जाणाऱ्या लालबहादूर शास्त्री मार्गाला जुनी माणसे अजून आग्रा रोड म्हणतात. कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड अशी गावे ओवीत तो ठाण्याकडे आणि पुढे नाशिकच्या दिशेने उत्तरेला जातो. मुंबई बेटावरून खुष्कीच्या मार्गाने उत्तर हिंदुस्थान गाठण्याची ती जुनी वाट. १९२३ साली यांपैकी एकही गाव मुंबई महापालिकेच्या हद्दीत नव्हते. अंधेरी-घाटकोपरचा पट्टा १९५० साली आणि बोरिवली-मुलुंडचा १९५७ साली शहरात आला. तेव्हा शहर सोडणे म्हणजे शीव ओलांडणे होते. आज ते मुलुंडचा चेक नाका ओलांडणे आहे. जकात २०१७ साली गेली, नाव मात्र तसेच राहिले.

या नाक्याच्या अलीकडे रविवारी पहाटे, उजाडण्यापूर्वी, मोटारसायकलवाल्यांचे ताफे जमतात. त्यांतला एक माझा जुना विद्यार्थी आहे. त्याने मला ताफ्याची रीत समजावून सांगितली. सर्वांत पुढे वाट माहीत असलेला, आणि सर्वांत मागे सर्वांत अनुभवी चालविणारा. मागच्याला ही मंडळी ‘स्वीप’ म्हणतात. पंक्चरचे साहित्य आणि औषधे त्याच्याजवळ असतात, आणि तो कोणत्याही परिस्थितीत कोणाच्याही पुढे जात नाही. म्हणून तो दिसला की सारे आले असे समजायचे. त्याला पाहून पुढचा माणूस गणती बंद करतो. लडाख असो की आफ्रिकेतली रेताड वाट, ही रीत बदलत नाही असे त्याचे म्हणणे. नव्या मुलांना पुढे राहायची हौस असते, ती मोडायला दोन वर्षे लागतात, असेही तो म्हणाला; पण ते असो.

सायकल आणि मोटारसायकल यांच्या सामूहिक प्रवासात एक गोष्ट अशी आहे जी तांड्यात, आगबोटीत किंवा मोटारीत नसते. सहाराची पहिली मोटार-सफर आठवावी. सित्रोएन कंपनीच्या पाच गाड्या, मागे चाकांऐवजी पट्टे बसविलेल्या, डिसेंबर १९२२ मध्ये अल्जीरियातील तुगुर्त येथून निघाल्या आणि जानेवारी १९२३ मध्ये तिंबक्तूला पोहोचल्या. हार्ट आणि ओदुआँ-द्युब्रय हे तिचे नायक, आणि माणसे एकूण दहा. त्या दहांपैकी एखाद्याचे मन उडाले असते तरी तो गाडीतून उतरून कोठे जाणार होता? वाहन सामायिक असले की सोबतही सक्तीची होते. सायकलीचे तसे नाही. प्रत्येकाचे वाहन प्रत्येकाच्या मांडीखाली. रोज सकाळी प्रत्येकाला परतण्याचा मार्ग उघडा असतो, आणि रोज सकाळी प्रत्येकजण तो नाकारतो तेव्हा कोठे त्या दिवसापुरते ‘आम्ही’ तयार होते. तेहरानपर्यंत नरीमन कपाडियांनी किती सकाळी तो नाकारला असेल! मुंबई ते तेहरान हे अंतरच हजारो किलोमीटरचे आहे, आणि त्यात बलुचिस्तान आहे.

आता वाळवंटाविषयी. प्रवासवर्णनांनी आपल्या मनात वाळवंटाची एक निर्मनुष्य प्रतिमा रुजविली आहे : आकाश, वाळू आणि मध्ये एकटा माणूस. या तरुणांच्या वाट्याला आलेली वाळवंटे तशी नव्हती. पहिले महायुद्ध संपून पाचच वर्षे झाली होती आणि त्या साऱ्या प्रदेशावर युद्धाने ओरखडे काढून ठेवले होते. १९२१ साली ब्रिटिश हवाई दलाने कैरो-बगदाद टपाल विमानांनी सुरू केले, तेव्हा वैमानिकांना खालची वाट दिसावी म्हणून सीरियाच्या वाळवंटात काही ठिकाणी नांगराने चर पाडला होता. १९२३ मध्येच नेर्न या न्यूझीलंडच्या दोघा बंधूंनी दमास्कस आणि बगदाद यांच्या दरम्यान मोटारींची सेवा सुरू केली. सिनाईत ब्रिटिश सैन्याने १९१६ पासून कांतारा येथून पूर्वेकडे लोहमार्ग टाकीत नेला होता. त्याच्या जोडीने नाईलचे पाणी नेणारी जलवाहिनी होती, आणि पायदळाचे पाय रुतू नयेत म्हणून वाळूवर तारेची जाळी अंथरून तिचाच रस्ता केला होता. तानसाचे पाणी १८९२ पासून ज्या नळांतून मुंबईला येते ते अजस्र नळ आमच्या उपनगरांतून जातात. पाण्याचा नळ जेथून जातो तेथे चाकरी करणारी माणसे राहतात, चौकी असते, कोणीतरी शिधा घेऊन येते, हे आम्हांला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

वाळवंट निर्मनुष्य नव्हते म्हणजे सोपे होते असे नाही. बगदाद ते अलेप्पो हे ९५६ किलोमीटरचे अंतर या पाच जणांनी २३ दिवसांत कापले. दिवसाला सरासरी ४१-४२ किलोमीटर. आमच्या मुलुंडहून निघालेला माणूस एवढ्यात पडघा-वाशिंदच्या आसपास पोहोचेल. आजच्या सायकलस्वाराला ते काहीच नव्हे. पण मी सहज सगळ्या प्रवासाची सरासरी काढून पाहिली. ७१,००० किलोमीटर, सुमारे १,६१६ दिवस, म्हणजे दिवसाला ४४ च्या जवळपास. या सरासरीत युरोपचे डांबरी रस्ते आले, तसेच शहरांतले मुक्काम, सत्कार आणि समुद्रप्रवासाचे रिकामे दिवसही आले. वाळवंटाची सरासरी तिच्या अगदी जवळ जाते, आणि तिच्यात दुपारी सावली नाही, चाक रुतले की उतरून ढकलणे आहे, पारा पन्नाशीच्या वर आहे. एकच कारण दिसते. इतरत्र थांबता येत होते. येथे पाण्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर तोडल्याखेरीज थांबणेच शक्य नव्हते. ज्याला अलेप्पोच्या वाटेवर ताप आला असेल त्याला गणतीतून वगळता येत नव्हते, आणि त्याच्यासाठी पाण्याचा साठा खर्चून थांबणेही परवडणारे नव्हते. पाचांच्या गतीत सर्वांत हळू चालणाऱ्याची गती मिसळलेली असते. तो कोण होता हे सरासरी सांगत नाही.

येथे एक उपकथा. त्या प्रदेशात मराठी माणसे आठच वर्षांपूर्वी जाऊन आली होती, आणि पुष्कळशी परत आली नव्हती. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत मराठा पलटणी लढल्या. १९१५-१६ च्या कुतच्या वेढ्यात मराठा शिपाई अडकले आणि शरणागतीनंतर कैदी म्हणून वाळवंटातून पायी नेले गेले. सातारा-कोल्हापूर-रत्नागिरीकडच्या त्या माणसांनी प्रवासवर्णन लिहिले नाही. त्यांच्यासाठी ‘आम्ही’ म्हणणारे कोणी नव्हते. पलटणीचा क्रमांक होता.

सहाजण निघाल्यानंतर थोड्याच महिन्यांनी, जानेवारी १९२४ मध्ये, फ्रामरोज दावर हे मुंबईचे क्रीडापत्रकार एकटेच सायकलीवर निघाले. व्हिएन्नात त्यांची गुस्ताव स्तावजानिक या ऑस्ट्रियन सायकलस्वाराशी गाठ पडली आणि पुढची सात वर्षे दोघे बरोबर हिंडले. सहारा ओलांडला, अँडीज चढले, ॲमेझॉनच्या खोऱ्यात शिरले. म्हणजे खऱ्याखुऱ्या आफ्रिकी वाळवंटात मुंबईचा सायकलस्वार गेला तो या जोडीतून. ‘अक्रॉस द सहारा’ हे पुस्तक दावरांच्या नावाने आहे. दोघांची भाषा वेगळी, धर्म वेगळा आणि पासपोर्टही वेगळा : एक साम्राज्याचा प्रजाजन, दुसरा साम्राज्य गमावलेल्या देशाचा नागरिक. संस्कृतात अशा जोडीसाठी ‘आवाम्’ हे द्विवचन आहे. दोघेच असतात तेव्हा ‘आम्ही’चा अर्थ पालटतो. पाचांपैकी एक गेला तर चार उरतात आणि तांडा चालू राहतो. दोघांपैकी एक गेला तर ‘आम्ही’ हा शब्दच जातो. सात वर्षे तो टिकला, याचे श्रेय पुस्तकावर नाव नसलेल्या माणसाला निम्मे तरी द्यावे लागेल.

मोटारसायकलीच्या इतिहासातही हेच सापडते. थेरेसा वॉलॅक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरन या दोघी इंग्रज स्त्रिया डिसेंबर १९३४ मध्ये लंडनहून निघाल्या, आणि एकाच पँथर मोटारसायकलीवर, बाजूला साइडकार आणि मागे ओढगाडी जोडून, सहारामार्गे जुलै १९३५ मध्ये केप टाउनला पोहोचल्या. ‘द रगेड रोड’ हे त्या प्रवासाचे पुस्तक वॉलॅक यांचे, तेही त्यांच्या मृत्यूनंतर, २००१ साली निघाले. दोघींनी वाळू तुडविली, लिहिली एकीने. पुढे १९७८ च्या डिसेंबरात पॅरिस-डकार शर्यत सुरू झाली आणि आफ्रिकेतले वाळवंट हे वेळ लावून ओलांडायचे मैदान झाले. २००८ ची शर्यत सुरक्षेच्या कारणाने रद्द झाली आणि २००९ पासून ती आफ्रिकेतून हलली. नाव मात्र डकारच राहिले, आमच्या चेक नाक्यासारखे. २०१५ साली सी. एस. संतोष हा ती मोटारसायकलीवर पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला, तेव्हा ती दक्षिण अमेरिकेत भरत होती. शर्यतीत गणती होते ती क्रमांकाने. कोण कोणासाठी थांबले हे निकालपत्रकात येत नाही.

मराठी वाङ्मयेतिहासात या सायकलस्वारांना जागा नाही. इंग्रजीत लिहिले, पारशी होते, हे सांगून विषय संपतो. मला हे कारण पुरेसे वाटत नाही. आपल्या प्रवासवर्णनाची जी मोजपट्टी आपण पिढ्यान्‌पिढ्या वर्गात शिकवीत आलो, तिच्यात हे पुस्तक मराठीत असते तरी बसले नसते असे माझे मत आहे. ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) पासून ‘साता समुद्रापलीकडे’ (१९५९) आणि ‘अपूर्वाई’ (१९६०) पर्यंत आपण लेखकाच्या व्यक्तिमत्त्वाचा शोध घेत आलो. पाहणारा कोण, त्याची दृष्टी कशी, त्याचा विनोद कोणत्या जातीचा. ही दृष्टी चुकीची नव्हे. तिने आपल्याला चांगली पुस्तके ओळखायला शिकविले. पण तिच्यात प्रवास एकट्या ‘मी’चाच असतो, आणि सोबती असलेच तर ते त्या ‘मी’च्या शैलीला खाद्य पुरविणारी पात्रे असतात. तीन लेखकांनी मिळून लिहिलेल्या पुस्तकात व्यक्तिमत्त्व कोणाचे शोधणार? आणि गंमत अशी की सामूहिक प्रवास आपल्याला परका नाही. दिंडी आपली आहे. गोडसे भटजी १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते काकांच्या सोबतीने, आणि ‘माझा प्रवास’ (१९०७) वाचताना ते दोघे चुकामूक होऊ नये म्हणून किती जपतात हे कोणालाही दिसेल, शीर्षकात ‘माझा’ असले तरी. दिंडीत आजारी वारकरी मागे राहिला तर त्याची वारी मोडली असे कोणी म्हणत नाही. पुढच्या वर्षी तो पुन्हा त्याच जागी चालू लागतो. पृथ्वीप्रदक्षिणेत मात्र तेहरानहून परतलेला माणूस ‘परतलेला’ होऊन बसतो, आणि १९२३ पासून आजतागायत त्याच्याविषयी बोलताना आपण तेवढेच सांगतो. मीही वर तेच केले आहे.

गुस्ताद हाथीराम यांच्याविषयी आणखी एक वाक्य लिहिता येते. अमेरिकेत राहण्याचे त्यांनी ठरविले तो काळ असा की फेब्रुवारी १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस नागरिकत्वास पात्र नाही असा निकाल दिला होता, आणि ती बंदी १९४६ साली उठली. म्हणजे ज्या देशात त्यांनी सायकल उभी केली त्या देशाने त्यांना ‘आपण’मध्ये घ्यायचे नाही असे कायद्याने ठरविले होते, आणि तरीही ते राहिले. वाळवंटात रुतलेले चाक उपसण्यापेक्षा हे कमी कष्टाचे होते काय, हे ठरविण्याचा अधिकार त्यांच्याशिवाय कोणाला असावा असे मला वाटत नाही. त्यांनी लिहिले असते तर त्या पुस्तकात सिनाई असते, बगदाद-अलेप्पो असते, आणि परतीचा प्रवास नसता. तेही वाळवंटाचे पुस्तक झाले असते.

‘पाचजण कोण म्हणतंय?’ या प्रश्नाकडे आता परत येतो. तिघांनी ‘आम्ही’ लिहिले तेव्हा त्यात दोन अनुपस्थित माणसांचे श्रम होते. त्यांना त्यात धरणे ही उदारता म्हणता येईल, किंवा त्यांना न विचारता त्यांच्या वतीने बोलणेही म्हणता येईल. दोन्ही वाचने संहितेच्या बाहेर न जाता शक्य आहेत. अनुवादकाची मात्र सुटका नाही. ‘आम्ही’ लिहिले तर मराठी वाचक मुखपृष्ठावरची तीन नावे वाळवंटात चालताना पाहील. ‘आम्ही पाचजण’ लिहिले तर मूळ लेखकांनी न उच्चारलेला आकडा आपण त्यांच्या तोंडी घालू. वर्गातल्या त्या मुलीने पुढच्या आठवड्यात स्वतःचा अनुवाद आणून दाखविला. पहिल्या वाक्यात तिने ‘आम्ही पाचजण’ लिहिले होते आणि त्यानंतर सबंध उताऱ्यात नुसते ‘आम्ही’. मी विचारले, असे का? ती म्हणाली, ‘सर, एकदा मोजलं की झालं. नंतर कुणी उतरलं तर ते सांगायचं.’ ती ठाण्याहून लोकलने येते. पाच मैत्रिणी रोज एका डब्यात असतात, हे तिने नंतर सांगितले.